आखाडा आपला, कुस्ती त्यांची : न्यूझीलंडच्या २०२४च्या भारत दौऱ्याचा प्रकरण अभ्यास

न्यूझीलंडने भारतात आजवर पाच कसोटी सामने जिंकलेत : १९६९मध्ये नागपूर, १९८८मध्ये मुंबई, आणि २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगळुरू, पुणे आणि पुन्हा मुंबई. पाचांतले चार महाराष्ट्रातले! हा निव्वळ योगायोग, पण यादी पाहताना जरा चुटपुट लागतेच. पहिल्या दोन विजयांत एकोणीस वर्षांचं अंतर, पुढच्या विजयाला छत्तीस वर्षं, आणि मग एकोणीस दिवसांत तीन.

आधी परिस्थिती बघू. भारताने मायदेशातली शेवटची कसोटी मालिका गमावली होती ती २०१२च्या शेवटी, अॅलिस्टर कुकच्या इंग्लंडकडून. त्यानंतर २०१३च्या फेब्रुवारीपासून सलग अठरा मालिका जिंकल्या. त्या अख्ख्या काळात घरी हरलेले सामने फक्त चार : २०१७मध्ये पुण्यात, २०२१मध्ये चेन्नईत, २०२३मध्ये इंदूरला आणि २०२४च्या जानेवारीत हैदराबादला. ही चार नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आणि पाहुणे? लोकसंख्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी असलेला देश. सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाला अफगाणिस्तानविरुद्धचा सामना होता, तो एकही चेंडू न पडता वाहून गेला. तिथून गॉलला गेले आणि श्रीलंकेकडून २–० मार खाल्ला. दुसऱ्या सामन्यात श्रीलंकेने ६०२ कुटल्या आणि हे ८८मध्ये आटोपले. टिम साऊदीने कप्तानी सोडली, ती टॉम लॅथमकडे आली. केन विल्यमसनची जांघ दुखावलेली, तो संपूर्ण मालिकेत एकही सामना खेळला नाही. फिरकीपुढे नुकताच लोटांगण घालून आलेला, नवा कप्तान घेतलेला आणि सर्वांत मोठा फलंदाज घरी ठेवून आलेला संघ भारतात काय करणार? आपल्याकडे चर्चा सुरू होती ती त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याची. ही मालिका म्हणजे वाटेतला टोलनाका.

बंगळुरू : ४६

१६ ऑक्टोबरचा पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, खेळपट्टी दोन दिवस झाकून ठेवलेली, आणि रोहित शर्माने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. आपल्याला खेळपट्टी ओळखता आली नाही, हे त्याने त्याच संध्याकाळी मोकळेपणाने कबूल केलं.

मॅट हेन्रीने १५ धावांत पाच, विल ओरूर्कने २२ धावांत चार. कोहली, सर्फराज, राहुल, जडेजा, अश्विन : पाच जणांना भोपळा फोडता आला नाही. सगळ्यांत जास्त धावा पंतच्या, २०. भारत सर्वबाद ४६, घरच्या मैदानावरचा आजवरचा नीचांक.

पण मला या सामन्यातली कळीची जागा ४६ वाटत नाही. असा एखादा दिवस कुणाच्याही नशिबी येतो. भारत अॅडलेडला ३६मध्ये आटोपला होता आणि तीच मालिका जिंकून आला होता. खरी कळ पुढे आहे. न्यूझीलंड ७ बाद २३३ असताना आघाडी १८७ची होती. मोठी, पण आवाक्याबाहेरची नव्हे. तिथे रचिन रवींद्र आणि टिम साऊदी यांनी आठव्या विकेटसाठी १३७ जोडल्या. रचिनने १३४ केल्या, साऊदीने ६५. रचिनचे वडील मूळचे बंगळुरूचे, त्यामुळे तो घरच्याच गावात शतक ठोकत होता म्हणा ना. डाव ४०२वर संपला आणि आघाडी ३५६ची झाली.

भारताने दुसऱ्या डावात जिद्द दाखवली. सर्फराज खानने पहिलंवहिलं शतक थेट १५०वर नेलं, पंत ९९वर गेला, कोहलीने ७० केल्या. ३ बाद ४०८ झाले तेव्हा सामना फिरला असं वाटायला लागलं होतं. मग दुसरा नवा चेंडू आला आणि शेवटच्या सात विकेटी ५४ धावांत पडल्या. १०७चं लक्ष्य न्यूझीलंडने दोन गडी गमावून गाठलं. विल यंग ४८वर नाबाद राहिला. हे नाव फारसं कुणी टिपून ठेवलं नाही.

मधले तीन दिवस

या प्रकरणाचं मर्म माझ्या मते पहिल्या आणि दुसऱ्या सामन्यामधल्या तीन दिवसांत आहे. त्या दिवसांत एक चेंडूही टाकला गेला नाही, पण निर्णय झाले.

भारत ०–१ मागे. अशा वेळी घरच्या संघाकडे दोन वाटा असतात. एक म्हणजे नेहमीची खेळपट्टी द्यायची, जिच्यावर पहिले दोन दिवस धावा होतात, तिसऱ्यापासून चेंडू वळू लागतो, आणि मग अश्विन-जडेजासारखे गोलंदाज तासन्‌तास एकाच टप्प्यावर मारा करत समोरच्याला चिरडतात. दुसरी म्हणजे पहिल्या तासापासून चेंडू वळवणारी खेळपट्टी, म्हणजेच आखाडा. पुण्यात दुसरी वाट धरली गेली. बंगळुरूच्या पराभवानंतर वॉशिंग्टन सुंदरला संघात बोलावलं आणि थेट अंतिम अकरांत घेतलं. कुलदीप, सिराज आणि राहुल बाहेर गेले. पुण्याच्या गहुंजे मैदानावर काळ्या मातीची, संथ, खाली राहणारी खेळपट्टी मिळाली.

आता ती चार नावं आठवा. पुणे २०१७ला स्टीव्ह ओकीफ नावाच्या ऑस्ट्रेलियन डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले आणि भारत १०५ व १०७मध्ये गारद झाला. मैदान हेच, गहुंजेचं. इंदूर २०२३ला मॅथ्यू कूनमनने १६ धावांत पाच घेतले, भारत १०९. अकरा-बारा वर्षांतल्या चार पराभवांपैकी दोन अशाच आखाड्यांवरचे होते, आणि दोन्हीकडे पहिल्या डावात भारताला गुंडाळलं ते पाहुण्या संघाच्या तुलनेने बिनीच्या नसलेल्या फिरकीपटूने.

याचं कारण गूढ नाही. चांगल्या खेळपट्टीवर चेंडू किती वळवायचा, कुठे टाकायचा, कधी सरळ सोडायचा हे गोलंदाजाच्या हातात असतं. तिथे अश्विन आणि इतर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आखाड्यावर एक चेंडू वळतो, त्याच टप्प्यावरचा दुसरा सरळ जातो, आणि कुठला काय करेल हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिथे ठरावीक टप्प्यावर टाकत राहणारा साधा गोलंदाजही धोकादायक होतो. म्हणजे आखाडा बनवून घरचा संघ आपलीच धार बोथट करतो आणि समोरच्याच्या हातात सुरा देतो. शिवाय नाणेफेकीला अवाजवी किंमत येते. सलग अठरा मालिका जिंकणाऱ्या संघाने नाण्यावर भिस्त ठेवायचं कारणच काय?

पुणे : जो खेळणारच नव्हता

२४ ऑक्टोबरला लॅथमने नाणेफेक जिंकली. सुरुवातीला डाव भारताच्या मनाप्रमाणे चालला. ३ बाद १९७वरून न्यूझीलंड २५९मध्ये आटोपलं. सुंदरने ५९ धावांत सात, अश्विनने तीन. दहाच्या दहा बळी ऑफस्पिनरांचे. कॉन्वेच्या ७६, रचिनच्या ६५. सुंदरची निवड अचूक ठरली म्हणून त्या संध्याकाळी सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी मिचेल सँटनर आला. या माणसाने तोवर कसोटीच्या एका डावात तीनपेक्षा जास्त बळी कधी घेतले नव्हते. तो पुण्यात खेळला तोही मॅट हेन्री दुखापतीने बाहेर बसला म्हणून. बंगळुरूत आठ बळी घेणारा हेन्री तंदुरुस्त असता तर कदाचित सँटनरला पाणी घेऊनच धावावं लागलं असतं. त्याने ५३ धावांत सात घेतले. काही भन्नाट टाकलं का? नाही. वेग कमी-जास्त करत राहिला, टप्पा सोडला नाही, उरलेलं काम मातीवर सोपवलं. विराट कोहली त्याच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला. तो चेंडू परत पाहताना आजही हात कपाळावर जातो. भारत १५६.

१०३ची आघाडी घेतल्यावर लॅथम ८६ धावांची खेळी करून गेला. त्याचा स्वीप बघण्यासारखा होता. वळणाऱ्या चेंडूपुढे बचाव करत बसलं की एक चेंडू आपलं नाव घेऊन येतोच, म्हणून त्याआधी धावा करून घ्यायच्या, असा सगळ्यांचा सरळ हिशेब दिसत होता. लक्ष्य ३५९.

जैस्वालने ७७ काढल्या तोवर आशा होती. भारत एका टप्प्यावर १ बाद ९६ होता. मग सँटनरने दुसऱ्या टोकाची पर्वा न करता चेंडूमागून चेंडू टाकायला सुरुवात केली, कुशीत दुखत असतानाही. पंत शून्यावर धावचीत, कोहली १७वर पायचीत, आणि ७ बाद १६७. सर्वबाद २४५. पराभव ११३ धावांनी, तिसऱ्याच दिवशी. सँटनरचे सामन्यात १५७ धावांत १३ बळी. बारा वर्षांची मालिका-विजयांची माळ गहुंजेला तुटली.

मुंबई : भाऊबीज

सँटनरची कूस दुखावली होती, तो वानखेडेवर खेळला नाही. विल्यमसन तर मुळातच नव्हता. म्हणजे प्रत्येक सामन्यात आधीच्या सामन्याचा खांब काढून घेतला जात होता आणि छप्पर काही कोसळत नव्हतं.

भारतासाठी मालिका गेली होती, पण जागतिक कसोटी अजिंक्यपदाचे गुण होते, अब्रू होती. बुमरा आजारी म्हणून बाहेर. आणि खेळपट्टी? पुन्हा वळणारीच, फक्त या वेळी लाल मातीची, उसळीसकट. पुण्याने जे शिकवलं ते आठवडाभरातच विसरलं गेलं, की मुद्दाम बाजूला ठेवलं गेलं, कोण जाणे. पुन्हा नाणेफेक लॅथमने जिंकली.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. मुंबईचा तो ऑक्टोबर हीटचा चिकट उकाडा नोव्हेंबरातही ओसरला नव्हता. त्या उन्हात डॅरिल मिचेल डोक्यावर-मानेवर बर्फाचे टॉवेल घेत उभा राहिला. त्याच्या ८२ आणि विल यंगच्या ७१ नसत्या तर न्यूझीलंडचा डाव दीडशेतच संपला असता. जडेजाने पाच, सुंदरने चार घेतले तरी २३५ झाल्या. अशा मातीवर २३५ म्हणजे चारशेच्या तोडीच्या.

संध्याकाळी भारत १ बाद ७८वर आरामात होता. दिवसाची शेवटची काही मिनिटं उरली होती. जैस्वाल उलटा स्वीप मारायला जाऊन त्रिफळाचीत, नाइट वॉचमन म्हणून (दिवसाअखेर मुख्य फलंदाजाला झाकायला) पाठवलेला सिराज पहिल्याच चेंडूवर पायचीत, आणि कोहली नसलेली धाव चोरायला जाऊन हेन्रीच्या थेट फेकीवर धावचीत. ४ बाद ८४. हे तिन्ही बळी खेळपट्टीने घेतलेले नाहीत. कितीही मातीला दोष दिला तरी तीन बळींचं हे खातं आपल्याच नावावर राहतं.

बलिप्रतिपदेला गिलच्या ९० आणि पंतच्या ६० धावांनी भारताला २८ची आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या डावात जडेजाने पुन्हा पाच घेतले. यंगने पुन्हा ५१ केल्या. १७४ सर्वबाद, लक्ष्य १४७. भारताला घरी, वानखेडेवर, १४७.

३ नोव्हेंबरला भाऊबिजेचा रविवार, घरोघरी ओवाळणीची तयारी, फराळाची ताटं, टीव्ही चालू. रोहित ११, गिल १ (सोडलेल्या चेंडूवर त्रिफळाचीत!), कोहली १, जैस्वाल ५, सर्फराज १. पाच बाद २९. एकटा पंत वेगळ्या सामन्यात असल्यासारखा खेळत होता. एजाझ पटेलला तो पुढे येऊन मारत होता, उपाहाराला ६ बाद ९२ होते आणि पंत पन्नाशीपार. ५५ धावा हव्या होत्या.

उपाहारानंतर तो वादग्रस्त क्षण आला. झेलाच्या अपिलावर मैदानावरच्या पंचांनी पंतला नाबाद दिलं, न्यूझीलंडने रिव्ह्यू घेतला, पडद्यावर आवाज टिपणारी रेषा हलली. बॅट चेंडूला लागली की पॅडला, यावर पंत वाद घालत राहिला. तिसऱ्या पंचांनी बाद ठरवलं. ५७ चेंडूंत ६४. त्या निर्णयावर आजही दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर, बाकी कुणी दोन आकडी धावांच्या जेमतेम पलीकडे जात नसताना एका माणसावर अख्खा सामना टांगणं हीच मूळ गोची होती. ग्लेन फिलिप्सने अश्विन आणि आकाशदीपला लागोपाठच्या चेंडूंवर काढलं, एजाझने सुंदरचा त्रिफळा उडवला. १२१ सर्वबाद, २५ धावांनी पराभव. तीन किंवा जास्त सामन्यांच्या मालिकेत भारताला घरच्या मैदानावर एकही सामना वाचवता न येण्याची ही पहिलीच वेळ.

एजाझ

इथे थोडं थांबावंच लागेल. एजाझ पटेल जन्माने मुंबईकर, २१ ऑक्टोबर १९८८चा. न्यूझीलंडने वानखेडेवर पहिला विजय मिळवला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर, हॅडलीच्या दहा बळींच्या आणि ब्रेसवेलच्या फिरकीच्या जोरावर. तेव्हा एजाझ याच शहरात जेमतेम महिन्याचा होता. आठ वर्षांचा असताना कुटुंब न्यूझीलंडला गेलं.

२०२१च्या डिसेंबरात तो इथे परत आला आणि एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, ११९ धावांत. जिम लेकर आणि अनिल कुंबळेनंतरचा तिसराच. त्या सामन्यात त्याने एकूण चौदा बळी घेतले आणि न्यूझीलंड ३७२ धावांनी हरलं, कारण पहिल्या डावात त्यांचे फलंदाज ६२वर बाद झाले. २०२४ला त्याने अकरा बळी घेतले, म्हणजे तीन कमी, आणि सामना जिंकला. वानखेडेवर दोन कसोटींत पंचवीस बळी. पाहुण्या गोलंदाजांत इंग्लंडच्या बोथमचा बावीसचा आकडा मागे पडला.

आखाड्याबद्दल वर जे लिहिलं त्याला हीच मोठी पुरवणी आहे. फिरकीपटूला मातीची साथ मिळाली म्हणून पाहुणा संघ जिंकत नाही. त्याच्या फलंदाजांनी आधी सव्वादोनशे-अडीचशे करून ठेवाव्या लागतात. २०२१ आणि २०२४ यांत फरक पडला तो गोलंदाजीत नव्हे. विल यंगच्या सहा डावांतल्या धावा बघा : ३३, नाबाद ४८, १८, २३, ७१, ५१. एकही शतक नाही, बेरीज २४४, आणि मालिकावीर तो. विल्यमसनच्या जागी तिसऱ्या क्रमांकावर आलेला बदली माणूस! समोर रोहितच्या सहा डावांत ९१, कोहलीच्या ९३. दोघांच्या मिळून १८४.

अश्विनला मालिकेत नऊच बळी मिळाले, बळीमागे एक्केचाळीसहून जास्त धावा मोजून. वळणारी माती हाताशी असताना घरचा सर्वांत मोठा फिरकीपटू निष्प्रभ ठरला आणि बदली आलेला सँटनर एका सामन्यात तेरा घेऊन गेला.

पुढे

न्यूझीलंड अजिंक्य बनून घरी गेलं म्हणावं तर तसंही नाही. दीड महिन्याच्या आत इंग्लंडने त्यांना त्यांच्याच देशात २–१ हरवलं. त्यांच्याकडे कुठली जादू नव्हती. त्या एकोणीस दिवसांत संघातल्या प्रत्येकाने आपापल्या वाटणीचं काम केलं, इतकंच.

भारत ऑस्ट्रेलियात ३–१ हरला. अश्विनने दौरा अर्धवट असतानाच निवृत्ती जाहीर केली. जानेवारीत रोहित मुंबईकडून बीकेसीच्या मैदानावर रणजी खेळायला उतरला, कित्येक वर्षांनी. मे महिन्यात तो आणि कोहली, दोघांनीही कसोटीला रामराम ठोकला.

२०२५च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका आली. कोलकात्यात पुन्हा पहिल्या दिवसापासून हरकती करणारी खेळपट्टी, पुन्हा छोटं लक्ष्य, १२४चं. भारत ९३. या वेळी समोर सायमन हार्मर होता, सामन्यात आठ बळी. इथवर माझा आखाड्याचा सिद्धांत टिच्चून उभा होता. मग गुवाहाटीला बरी, फलंदाजीला साथ देणारी खेळपट्टी मिळाली. दक्षिण आफ्रिकेने पहिल्या डावात ४८९ केल्या आणि भारत तिथे ४०८ धावांनी हरला.